बिनचूक स्थळ

"मुलीला काही विचारायचं असेल तर तिनंही विचारावं. आम्ही काही जुन्या वळणाची माणसं नाही," मुलाचे मामा म्हणाले आणि बशीतला चुरमुऱ्यांचा सुशीला चमच्यानं उपसू लागले. उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती. अशा वेळी मुलीनं पायाच्या अंगठ्याकडे बघत मान हलवायची असते, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

मी मुलाकडे बघून विचारलं, "तुम्ही आज अकरा वाजता मोकळे आहात का?"

आईच्या हातातला तांब्या दारातच थांबला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा काढला. ऐकू नीट यावं म्हणून ते चष्मा काढायचे.

"अकरा वाजता काय?" मुलानं विचारलं. घाबरलेला वाटला नाही. नाव डॉ. वीरेश उंबरजे, सोलापुरात दातांचा दवाखाना, अंगात फिकट निळा सफारी.

"माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. त्यासाठी मला एक माणूस लागतो."

हे खरंच होतं. बाकीच्या विषयांना परीक्षेला जाताना पेन न्यावं लागतं, आमच्या विषयाला पेनाबरोबर एक माणूसही न्यावा लागतो. मी बार्शीच्या कॉलेजात टी. वाय. ला मानसशास्त्र स्पेशल घेतलं होतं. परीक्षेत प्रयोग करायचा तो कुणावर तरी करायचा, आणि तो कुणीतरी आपला आपण घरून आणायचा, अशी पद्धत. त्या माणसाला प्रयुक्त म्हणतात. अट एकच, त्यानं तो प्रयोग आधी केलेला नसावा. वर्षभरात मी आई, दोन्ही चुलत्या, दूधवाला आणि वाड्यातले यच्चयावत भाडेकरू वापरून संपवले होते. अण्णा तर कधी बसायलाच तयार नसत. गल्लीत मला बघितलं की लोक आठवलेल्या कामाला निघून जात. शेवटचा न वापरलेला नग म्हणजे समोरची कालिंदी. तिला मी महिनाभर जपून ठेवलं होतं. त्याच सकाळी तिला गालगुंड झाल्याचं कळलं.

पाहुणे त्याच दिवशी आले, कारण त्यांना बार्शीत एका लग्नाला यायचंच होतं. एका फेरीत दोन कामं.

"नंदे," अण्णा हळूच म्हणाले, "माणूस मी बघतो कुठला तरी. पाहुण्यांना..."

"मी येतो की," वीरेश म्हणाले. "लग्न साडेबाराचं आहे. इथं बसून तरी काय करणार?"

"अरे, डोक्याला वायरी लावतात तिथं!" मामा म्हणाले. "मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचंच ना ते?"

"शहाण्यांचंही असतं," मी म्हणाले. "पण शहाणे मिळत नाहीत म्हणून अडतं."

आईनं तांब्या ठेवला आणि देवघरात गेली.

मला त्या दिवशी थट्टा सुचत होती ती भीतीपोटी. अण्णांचा आणि माझा करार झालेला होता. टी. वाय. ला फर्स्ट क्लास आला तर पुण्याला एम. ए. करायला पाठवायचं. नाही आला तर समोर जे चांगलं स्थळ असेल त्याला मी निमूटपणे हो म्हणायचं. लेखी पेपरांत मी काठाकाठानं जाणार हे मला माहीत होतं. तारणारं किंवा बुडवणारं होतं ते प्रॅक्टिकल. आणि स्थळ तर समोर सुशीला खात बसलेलंच होतं. हुंडा नको, मुलगी शिकलेली हवी, सोलापूर दोन तासांच्या अंतरावर. अण्णा गेले आठ दिवस चालताना गुणगुणत होते. एरवी ते फक्त आंघोळ करताना गुणगुणायचे.

आम्ही चौघं निघालो. भाच्याला एकटं सोडायला मामा तयार नव्हते आणि मामांना एकटं सोडायला अण्णा.

आमची प्रयोगशाळा जिमखान्याला लागून होती. कॅरमचा स्ट्रायकर भिंतीवर आपटला की स्मरणशक्तीचे प्रयोग पुन्हा करावे लागत. दारात कोठावळे सर उभे होते. आमचे सर. बाहेरून परीक्षक आले की ते स्वतःच परीक्षेला बसल्यासारखे दिसत.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे प्रयुक्त."

"नातेवाईक आहेत?"

"अजून नाहीत."

सरांनी मामांकडे, मग अण्णांकडे बघितलं, प्रकार ओळखला आणि खाली बघून म्हणाले, "आत चला. वडील मंडळींनी बाहेर बाकावर बसावं."

आत बाहेरच्या परीक्षक बसल्या होत्या. परांडेकर बाई. कॉटनची इस्त्रीची साडी, कपाळावर बारीक टिकली, आणि पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांची उत्तरं ऐकून आलेला एक कायमचा संयम. त्यांनी पुढे केलेल्या डब्यातून मी चिठ्ठी उचलली. आरशातील आरेखन. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोलले.

हा सगळ्यांत सोपा प्रयोग. एका पाटीवर धातूची चांदणी असते. चांदणीच्या कडेनं एक अरुंद वाट. प्रयुक्तानं हातात धातूची काडी घ्यायची आणि त्या वाटेवरून फिरवून आणायची. मध्ये पडदा असल्यामुळे स्वतःचा हात दिसत नाही, समोरच्या आरशात दिसतो, म्हणजे सगळं उलटं दिसतं. काडी वाटेबाहेर गेली की घंटी वाजते, टर्र. प्रत्येक टर्र म्हणजे एक चूक. पहिल्या फेरीत माणूस चुकून चुकून घामाघूम होतो, मग हळूहळू हात सुधारतो, आणि चुकांचा आलेख जिना उतरल्यासारखा खाली येतो. माणूस सरावानं शिकतो हे सिद्ध होतं. आमच्या कॉलेजात हा प्रयोग आजवर कुणाचाही बिघडला नव्हता.

मी वीरेशना खुर्ची दिली आणि ठरलेल्या सूचना म्हणून दाखवल्या. "आपण आरामात बसावे. मी 'सुरू' म्हणताच आरशात पाहून काडी वाटेवरून फिरवावी. शक्य तितक्या कमी चुका कराव्यात. सुरू."

त्यांनी काडी उचलली. दोन बोटं आणि अंगठा, अगदी हलकी पकड. काडी निघाली, पहिलं टोक वळली, दुसरं वळली, आणि शांतपणे फिरून जागेवर आली. सगळ्या खोलीत आवाज फक्त पंख्याचा.

"झालं," ते म्हणाले. "आता?"

कोठावळे सर धावत आले. "बॅटरी गेली वाटतं." त्यांनी काडी मुद्दाम बाहेर टेकवली. टर्र. बॅटरी उत्तम होती.

दुसरी फेरी. पंख्याचा आवाज. तिसरी फेरी. शेजारच्या टेबलावरची मुलगी स्वतःचा प्रयोग सोडून बघायला लागली.

मी वाकून कुजबुजले, "अहो, थोडं चुका ना."

"म्हणजे मुद्दाम?"

"हो."

त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. काडी कडेपर्यंत गेली, थबकली आणि आपोआप मध्ये आली. "नाही हो जमत," ते ओशाळून म्हणाले. "हात जातच नाही बाहेर. रोज हेच करतो ना मी. वरच्या दाढांची मागची बाजू सरळ दिसतच नाही. तोंडात छोटा आरसा धरायचा आणि आरशात बघून ड्रिल चालवायचं. तिथं बाहेर गेलं तर पेशंट चावतो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सबंध बार्शी तालुक्यात आरशात बघून काम करणारे लोक हातावर मोजण्याइतके असतील, आणि त्यांतला एक मी परीक्षेला हौसेनं घेऊन आले होते.

परांडेकर बाई उठून आमच्या टेबलाशी आल्या. माझ्या कागदावर नजर टाकली. "शून्य. शून्य. शून्य. शून्य. हे काय आहे?"

"चुका आहेत बाई."

"कुठं आहेत?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"सराव करून आणलंय ह्यांना," बाई सरांकडे वळून म्हणाल्या. सर एवढेसे झाले. मग वीरेशनी उठून, हात मागे बांधून, आपला व्यवसाय सांगितला. बाईंनी डोळे मिटले. मला वाटतं, त्या हसू आवरत होत्या, पण पंचवीस वर्षांचा संयम कामी आला.

"प्रयुक्ताचा व्यवसाय आधी विचारून घ्यावा, हे शिकवलं नाही का तुम्हाला?"

"विचारला होता बाई," मी म्हणाले. "घरच्यांनी फक्त तेवढाच विचारला होता."

"या आलेखात शिकणं कुठंच नाही. शिकणं नाही तर प्रयोग नाही. प्रयोग नाही तर गुण कशाचे देऊ? दुसरा माणूस आणा. जेवणाच्या सुट्टीआधी."

मी आजूबाजूला पाहिलं. खोलीतले सगळे प्रयुक्त मघापासून आमच्या चांदणीकडेच बघत होते. ते आता बाद. बाईंनी दाराकडे बोट केलं. "बाहेर ते दोघं कोण आहेत?"

मामा बाकावरूनच ओरडले, "मला मोतीबिंदू झालाय! आणि डोकं तपासून घ्यायला मी आलेलो नाही."

राहिले अण्णा.

आता अण्णांचं सांगायला हवं. अण्णांचा छापखाना होता. तीस वर्षं ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते, आणि छापखान्यातलं अक्षर उलटं असतं. सरळ अक्षर वाचताना अण्णा कधी कधी अडखळत, उलटं धडाधड वाचत. त्याहून वाईट म्हणजे, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचा ठसा बाहेरून करून आणायला नको म्हणून ते तो घरीच लिनोलियमवर कोरत. उलटा. समोर आरसा ठेवून. डॉक्टरांचा हात आरशात दाढेएवढ्या जागेत चालायचा, अण्णांचा गणपतीच्या सोंडेवरून उंदराच्या मिशीपर्यंत.

म्हणजे शून्यानंतर पुन्हा शून्य. आणि या वेळी बाई मला खोलीबाहेर काढणार.

अण्णा दारात चपला काढून आत आले. वाटेत त्यांनी वीरेशना विचारलं, "काय झालं हो?" वीरेशनी तिथल्या तिथं सगळं सांगितलं. आरसा, चांदणी, घंटी, आपला निर्दोष हात आणि माझे जाणारे गुण. अण्णा ऐकत राहिले. चष्मा त्यांच्या हातात होता. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला त्यांचं मन कॅलेंडरवरच्या तारखेसारखं वाचता येत होतं. त्यांना काही वाईट करायचं नव्हतंच. नुसतं खुर्चीवर बसून, देवानं दिलेल्या हातानं, रोजच्यासारखं काम करायचं होतं. घंटी वाजली नसती. मी आपोआप नापास झाले असते. कुणाला दोष नाही, कराराचा भंग नाही, आणि जावई समोर उभा. निळ्या सफारीत.

"बसा," परांडेकर बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी स्वतःच विचारलं, "आपला व्यवसाय?"

अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "लग्नपत्रिकांचं दुकान आहे."

मी छताकडे बघितलं.

बाईंची नजर अण्णांच्या नखांवर गेली. तीस वर्षांची शाई कुठल्याही साबणाला दाद देत नाही. "पत्रिका विकतानासुद्धा शाई लागते वाटतं?"

"ओल्या असतात कधी कधी," अण्णा म्हणाले.

"आरशात बघून कधी काही काम केलंय?"

"अहो, आरशात बघून माझी धड दाढी होत नाही." अण्णांनी हनुवटी वर केली. सकाळीच पाहुण्यांच्या घाईत कापलेलं तिथं खरोखर होतं.

बाई खुर्ची ओढून शेजारीच बसल्या.

मी सूचना म्हणू लागले. "आपण आरामात बसावे."

"बसलोय की."

"प्रयुक्तानं बोलायचं नसतं, अण्णा."

"बरं."

"मी 'सुरू' म्हणताच आरशात पाहून काडी वाटेवरून फिरवावी. शक्य तितक्या कमी चुका कराव्यात."

"कराव्यात," अण्णा म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी माझं ऐकून घेण्याची ती पहिली वेळ असावी. "सुरू," मी म्हणाले.

टर्र.

काडी निघाली तीच उलट्या दिशेनं. टर्र. अण्णा "अरेच्चा" म्हणाले. टर्र, टर्र. पहिल्या टोकाशी काडी अशी काही अडकली की जिमखान्यातला कॅरम थांबला आणि मुलं खिडकीशी आली. अण्णांच्या कपाळावर घाम होता. तो कुठून आणला, देव जाणे. मामा बाकावरून उठून दारात आले आणि म्हणाले, "घंटा वाजतेय ती कशाची? मधली सुट्टी का?"

दुसऱ्या फेरीत टर्र जरा कमी. तिसरीत आणखी कमी. मी मोजत होते, लिहीत होते, आणि वर बघायचं टाळत होते. पाचवीला चुका जेवढ्या, सहावीला बरोबर तेवढ्याच. मग पुन्हा उतरण.

तिथं माझं पेन थांबलं. शिकताना माणूस मध्ये थोडा वेळ अडकतो, सुधारणा होत नाही, मग पुन्हा सुरू होते. त्याला पठारावस्था म्हणतात. पाठ्यपुस्तकातल्या आलेखात असते, खऱ्या माणसांत फारशी सापडत नाही. आम्ही सगळे ती घरी बसून मागाहून घालायचो. आणि ती कुठं घालायची हे ज्या प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेत दिलं होतं, ती गेल्या वर्षी कॉलेजनं अण्णांच्याच छापखान्यात छापून घेतली होती. त्यातलं अक्षर न् अक्षर त्यांनी जुळवलं होतं. मुद्रितं वाचली होती. पाचव्या आणि सहाव्या फेरीसकट.

शेवटच्या फेरीत घंटी एकदाच वाजली. अगदी शेवटी, काडी जागेवर येताना. चहा झाल्यावर कप बशीत ठेवावा तशी.

"आता प्रयुक्ताचं अंतर्निरीक्षण घ्या," बाई म्हणाल्या. म्हणजे प्रयोग करताना तुम्हाला आतून काय वाटलं, हे विचारायचं. याचंही एक ठरलेलं उत्तर असतं: सुरुवातीला कठीण वाटले, नंतर मजा आली. कॉलेज स्थापन झाल्यापासून सगळ्या प्रयुक्तांना नंतर मजा आलेली आहे.

"अण्णा, तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

अण्णांनी काडी खाली ठेवली. बोटं धोतराला पुसली. पुस्तिकेतलं वाक्य त्यांना पाठ असणार, पण ते त्यांनी म्हटलं नाही.

"मन एकीकडे ओढत होतं," ते म्हणाले. "हात म्हणत होता, सरळ जाऊ दे, रोज जातो तसा. जरा वेळ तसं वाटलंही. मग नाही ऐकलं मनाचं. मनाचं नाही ऐकलं, की जमतं."

"लिहा," बाई मला म्हणाल्या. "तसंच्या तसं लिहा."

मी लिहिलं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. बाईंनी आलेखावर सही केली आणि पुन्हा एकदा अण्णांच्या नखांकडे बघून म्हणाल्या, "सुंदर आलेख आहे. पुस्तकात छापण्यासारखा."

"छापणारा चांगला कुणी असेल तर," अण्णा म्हणाले, आणि चपला शोधायला बाहेर गेले.

ओट्यावर वीरेश त्यांच्या जवळ सरकले. मी एक पाऊल मागे होते. "काका," ते हळू आवाजात म्हणाले, "इतकं मोजून चुकायला मला नाही जमलं."

"तुम्ही डॉक्टर आहात," अण्णा म्हणाले. "तुम्हाला न जमलेलंच बरं. पेशंट चावेल."

वीरेश मोकळेपणानं हसले. माणूस खरोखर चांगला होता. मला त्याच क्षणी ते आवडले असते, तर गोष्ट वेगळीच झाली असती. पण भूक लागली होती.

मामांनी घड्याळ बघितलं. "तर मग मंडळी, आमचं काय ठरलं? नाही म्हणजे, अक्षतांना पोचायचंय आम्हाला."

"तिचा निकाल लागू द्या," अण्णा म्हणाले.

"निकाल लागायला जून उजाडेल! आमच्याकडे मुलींची रांग आहे, तोडकरी. मुलगा काही जूनपर्यंत थांबणार नाही."

अण्णांनी वीरेशकडे बघितलं. हावरट नजर होती ती. मिठाईच्या दुकानासमोरच्या मधुमेही माणसाची. मग ते म्हणाले, "खरं आहे. थांबवू नये चांगल्या मुलाला."

मामांना याचा अर्थ लागेपर्यंत वीरेशनी त्यांना रिक्षात बसवलं.

निकाल जूनमध्येच लागला. परांडेकर बाईंनी किती गुण दिले ते गुणपत्रिकेवर होतं, आणि ते पुरले, थोडे उरलेही. ऑगस्टमध्ये मी पुण्याला होते. पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आणि अण्णा उन्हातून घराकडे चाललो होतो आणि ते गुणगुणत नव्हते.

"अण्णा, तुम्ही मुद्दाम..."

"वय झालं," ते म्हणाले. "हात कापतो हल्ली."

"काल तर उंदराची मिशी कोरलीत."

"उंदराचं वेगळं." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "आणि हे बघ, फर्स्ट क्लास आला नाही ना, तर माझ्याशी गाठ आहे. सबंध जिमखान्यानं बघितलंय मला."

आई दारातच उभी होती. पदर खोचलेला, डोळे मोठे. मागे चुलत्या, त्यांच्या मागे भाडेकरू, सगळे आळीपाळीनं माझ्या प्रयोगांतून गेलेले.

"काय झालं? पसंत?" आईनं विचारलं. "मुलगा कसा वाटला तुम्हाला जवळून?"

अण्णांनी पायरीवर बसून घेतलं. "मुलगा पक्का आहे," ते म्हणाले. "एक चूक नाही. त्याला आता काही शिकायचं राहिलेलं नाही."

"मग अडलं कुठं?"

"हिचं राहिलंय," अण्णा म्हणाले. "जेवायला वाढ."